नऊ डिसेंबरच्या आत

एकोडी,
३ ऑगस्ट २०२५

गुड्डी,

पत्राच्या वर काय लिहायचं यातच अर्धा रविवार गेला. आधी 'चि. रेणू' लिहिलं आणि कागद फाडला. मग नुसतं 'मुली' लिहिलं, ते तर सरकारी योजनेचं नाव वाटलं. शेवटी घरातलं नाव घातलं. आशीर्वाद लिहीत नाही, तुला नको असतील तर उगाच पोस्टावर ओझं.

तुझा निरोप खेमराजमामानं पवनीहून फोनवर वाचून दाखवला. "आईले सांग, फोन नोको करू. जे मालूम हाये ते लिहून पाठव, तारखेनिशी." वाचताना तो मध्येच थांबला तेव्हा मला वाटलं रेंज गेली. पण रेंज होती.

मी अंगणवाडीची बाई, तारखेनिशी लिहायची मला सवय आहे. आणि हे तुझ्या वकील मोनिकाताई वाचणार आहेत, तर त्यांच्यासाठी एकदा सरळ मांडते. तुझ्या सगळ्या कागदांवर जन्म १२ जानेवारी २००४ आहे. ती तारीख तुझी नाही, तुझ्या मोठ्या बहिणीची आहे. तिचंही नाव रेणूच. ती दीड वर्षाची असताना गेली. तिच्यानंतर पाच महिन्यांनी, ९ डिसेंबर २००५ ला, शुक्रवारी दुपारी, एकोडीच्या घरात तू झालीस. सुईण रुखमिणीबाई होत्या. तुझी नोंद कुठेच केली नाही, तिचाच दाखला लावून तुला शाळेत घातलं. त्याच दाखल्याच्या जोरावर मे २०२२ मध्ये तुझं लग्न लावलं. कागदावर तू अठरा वर्षं चार महिन्यांची होतीस, खरी सोळा वर्षं पाच महिन्यांची.

हे लिहिताना अक्षर बिघडेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, नेहमीसारखंच आलं आहे.

मामानं पुढचंही सांगितलं. बालविवाह रद्द करून घ्यायचा अर्ज मुलीला वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत करावा लागतो. कागदावर तू एकविसावं संपवून बसली आहेस, म्हणून आधी खरी तारीख सिद्ध करायची आणि मग नऊ डिसेंबरच्या आत अर्ज टाकायचा. मी त्याला विचारलं, नुसता घटस्फोट घेतला तर नाही का चालणार. त्यावर त्यानं तुझं वाक्य वाचलं. "घटस्फोट नोको मले. ते लगन झालंच नवतं, असा कागद पायजे."

चार महिने आहेत. तुझ्या बाबांना मी अजून काही बोलले नाही. ते धानाच्या रोवणीच्या मजुरांमागे आहेत. मला जे आठवतं ते दर पत्रात थोडं थोडं लिहीन.

आई


एकोडी,
१७ ऑगस्ट २०२५

गुड्डी,

वय कशावरून सिद्ध होतं याचा विचार करत होते. आमच्या कामात लेकराचं वय दातांवरून चटकन कळतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

जून २०१० मध्ये तू पहिलीत गेलीस. तुझ्या बाबांनी पेटीतला दाखला काढून मास्तरांना दिला आणि मास्तरांनी तो उतरवून घेतला. दाखल्याप्रमाणे तू सहा वर्षांची होतीस, खरी साडेचारची. दप्तर तुझ्या पोटरीला लागायचं. पहिली संपता संपता अख्खा वर्ग बोळका झाला आणि तुझे दुधाचे सगळे दात जागच्या जागी. मास्तर मला म्हणाले, "लांजेवारांच्या पोट्टीचे दात भलतेच मजबूत हायेत, बाई." मी हसले. तुझा पहिला दात पडला तो तिसरीत, जुलै २०१२ मध्ये. तू तो कौलावर फेकलास, पण तो घरंगळून पुन्हा अंगणात आला आणि तू त्याच्यावरच चिडलीस.

मग चौथीची सहल. जानेवारी २०१४, नागझिरा. बाई माणूस सोबत पाहिजे म्हणून मास्तरांनी मला नेलं होतं. साकोलीवरून आलेल्या त्या गाडीची पायरी उंच होती. बाकीच्या पोरी चढल्या, तुला मी बगलेत धरून वर ठेवलं. तळ्याजवळ गाईडनं विचारलं, वाघाची भीती कोणाला वाटते. सगळ्यांनी हात वर केले, तू सोडून. "मले नाही वाटत. मी एकदा मरून परत आली हाये." तुझी आजी शकुंतलाबाई तुला तसंच सांगायची, की तू आधी एकदा आली होतीस, रागावून गेलीस आणि मग परत आलीस. ते तू ऐटीत सांगायचीस आणि पोरी तुझ्याकडे मान वर करून नव्हे, खाली करून बघायच्या, कारण तू सगळ्यांच्या खांद्याला लागत होतीस. गाईडला वाटलं पोरगी गमतीची आहे.

परत येताना बाकीच्या पोरी साकोलीपर्यंत गाणी म्हणत होत्या. तू माझ्या मांडीवर झोपली होतीस. मास्तर म्हणाले, दहा वर्षांची घोडी झाली तरी आईची मांडी सुटत नाही. आठ वर्षांचं लेकरू होतं ते. मी तुझी चप्पल हातात धरून बसले होते.

सातवीच्या सहलीला तू नागपूरला गेलीस, २०१७ च्या सुरुवातीला. तोवर वर्गातल्या पोरी शहाण्या झाल्या होत्या आणि सहलीच्या पिशवीत आया त्यांना जास्तीचे कपडे बांधून देत होत्या. तुझ्या पिशवीत मी चिवडा बांधला. नववीत गेलीस तेव्हा तुझं सुरू झालं. त्याआधी दोन वर्षं शाळेतल्या बाई माझ्या मागे लागल्या होत्या, की डॉक्टरला दाखवा, पोरीत काही कमी तर नाही. कमी काय होतं ते मला माहीत होतं. तरीही मी तुला साकोलीला नेलं, रक्त तपासलं आणि लोहाच्या गोळ्या आणल्या. तू त्या वर्षभर नाक दाबून खाल्ल्यास.

हे एवढं वकीलताईंना पुरेल असं वाटतं.

आई


एकोडी,
३१ ऑगस्ट २०२५

गुड्डी,

तुझं पोस्टकार्ड आलं. दीड वर्षात तुझं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. "दातांची साक्ष चालत नाही. कागद पाहिजे. मोठ्या रेणूच्या मृत्यूचा दाखला पाठव."

तो दाखला नाही. कारण ती नोंद आम्ही केलीच नाही. मामानं मोनिकाताईंना फोन लावून माझ्याशी बोलायला दिला. बाई चांगल्या आहेत, हळू बोलतात. त्यांचं म्हणणं असं, की सरकारच्या लेखी यादोराव आणि सत्यभामा लांजेवार यांना एकच मुलगी झाली आणि ती जिवंत आहे. तुझा खरा जन्म नोंदवायचा तर ती मुलगी वेगळी होती आणि ती वारली, हे आधी नोंदवावं लागेल. अर्ज आईबापांपैकी कोणीतरी करायचा, प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि साकोलीच्या कार्यालयातून आदेश आला की मग ग्रामपंचायतीत दोन्ही नोंदी होतील. मी म्हटलं, बघते.

बघते म्हणजे काय ते तुला कळलं असेल. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही, गुड्डी. दुसरं काहीही लिहून देते.

दुसरं म्हणजे, तुझ्या उन्हाळ्यांचं लिहिते. त्यातही वयाचा काही धागा निघेल.

मार्च-एप्रिलात आपण मोहफुलं वेचायला जायचो. उजाडताच टोपल्या घेऊन निघायचं. तू पहिल्या वर्षी वेचलेली फुलं टोपलीत टाकायच्या आधी चोखून बघायचीस आणि दहा वाजेपर्यंत तुझी जीभ जड व्हायची. बाबांनी तुला खांद्यावर बसवून आणलं आणि तू वाटभर त्यांच्या डोक्यावर तबला वाजवत आलीस. ते हसत होते. त्या आधीची पाच-सहा वर्षं मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, हेही लिहून ठेवते.

परीक्षा संपली की तू पवनीला मामाकडे जायचीस. त्याचा माग तेव्हा चालू होता. मामी तुला कांड्या भरायला बसवायची आणि तू चरख्याचं चाक इतक्या जोरात फिरवायचीस की सूत तुटायचं. मामा ओरडायचा, "अवो गुड्डीबाई, लुगडं विनाचं हाये, पतंग नाही उडवाची!" एकदा तू त्याच्या मागाच्या खड्ड्यात उतरून लपलीस आणि तिथेच झोपलीस. आम्ही घाटापर्यंत, नदीच्या काठाकाठानं शोधून आलो. मामी रडत होती. मी नव्हते रडत. माझ्या डोक्यात फक्त एवढंच आलं, की म्हणजे ही पण. मग मामा मागावर बसायला गेला आणि त्याच्या पायाला तुझं डोकं लागलं.

तू वर आल्यावर मी तुला मारलं होतं, फणीनं. तुला आठवत असेल. त्याची माफी कधी मागितली नाही, ती आता मागते.

बाकी ठीक. बावीसला पोळा झाला. पाऊस चांगला आहे. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही, पण पोस्टकार्ड उघडं असतं आणि त्यांना वाचता येतं.

आई


एकोडी,
२८ सप्टेंबर २०२५

गुड्डी,

तुझं दुसरं कार्ड मी दोन-तीन आठवडे पोषण आहाराच्या रजिस्टरमध्ये ठेवलं होतं. "तू सुट्ट्यांचं लिहितेस. लग्नाचं लिही."

लिहिते.

बारावीचा निकालही लागला नव्हता. लाखांदूरकडचं स्थळ मामीच्या नात्यातून आलं. योगेंद्र, तेव्हा चोवीस वर्षांचा, घरचा ट्रॅक्टर, दोनच भाऊ. त्याची आई विमलाबाई घर बघायला आली तेव्हा तू पोहे दिलेस आणि आत येऊन मला म्हणालीस, "आई, मले बीएस्सीले जायचं हाये." मी म्हटलं, लग्नानंतरही जाता येतं. मी हे खोटं बोलत होते असं नाही. मी काहीच विचार करत नव्हते. चांगलं स्थळ दारात आलं आणि कागद सांगत होता की वय झालं, मी कागदाच्या मागे गेले.

लग्नाच्या आठ दिवस आधी आमच्या पर्यवेक्षिका शोभाताई केंद्रावर आल्या. त्यांना वरून पत्र असतं, लग्नसराईत बालविवाहांवर लक्ष ठेवा म्हणून. गावातल्या लग्नांची यादी त्यांनी माझ्याकडेच मागितली, कारण ती द्यायचं काम माझंच. मी यादी दिली. त्यात तुझं नाव तिसरं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"सत्यभामा, तुह्या पोरीचं वय पुरं हाये ना? लहान दिसते मले."

"हाये ना, ताई. दाखला दाखवू का?"

"तुह्यावर विश्वास नाही ठेवाचा तं कोनावर ठेवाचा?"

आणि त्यांनी तुझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. त्या वर्षी मी दोन लग्नं थांबवली होती. एका बापानं माझ्या अंगावर काठी उगारली होती आणि त्याबद्दल साकोलीला माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. ती शाल मी तुझ्या रुखवतात ठेवली. हे लिहिताना तरी लाज वाटेल असं वाटलं होतं.

मग ऑगस्ट २०२३. तुझा सहावा महिना. भंडाऱ्याच्या दवाखान्यात विमलाबाई आणि मी खाटेजवळ उभ्या होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वय किती. तू डोळे मिटून होतीस. विमलाबाई म्हणाल्या, एकोणीस. डॉक्टरीणबाईंनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "नक्की एकोणीस?" सतरा वर्षं आठ महिने असं मी म्हणू शकत होते. त्यांनी काही वेगळं केलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. मी हो म्हणून मान हलवली. बाळ वाचलं नाही. तू वाचलीस, पण चार बाटल्या रक्त लागलं.

तुला घरी आणलं तेव्हा रुखमिणीबाई तेल लावायला यायच्या. त्यांनी तुझ्या पायाला तेल लावता लावता हिशेब केला. "तू तं मोठ्या रेणूच्या मांगून झाली, बाई. तुले एकोनीस कुठून झाले?" मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं तुला झोप लागली. चार महिन्यांनी, १२ जानेवारीला, मी तुझ्या वाढदिवसाची खीर घेऊन लाखांदूरकडे आले तर तू सकाळच्याच गाडीनं नागपूरला निघून गेली होतीस. खीर विमलाबाईंनी ठेवून घेतली.

योगेंद्र वाईट नाही, असं मी मामाला म्हणाले होते आणि मामानं ते तुला सांगितलं. ते मी मागे घेते. तो वाईट आहे की चांगला, हा प्रश्नच नाही.

बाबांनी पोस्टकार्डं वाचली आहेत. काल म्हणाले, "केस झाली तं आपुन दोघंई अडकतो. तुही नोकरी जाते." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मंग काय करतं?" मी भांडी घासायला घेतली.

आई


एकोडी,
२६ ऑक्टोबर २०२५

गुड्डी,

दिवाळी झाली, गावची मंडईची जत्रा झाली. पाहुणे विचारत होते, रेणू नाही आली का. मी सांगितलं, सुटी नाही मिळाली. आज घर रिकामं आहे आणि नऊ डिसेंबरला सहा आठवडे उरले आहेत. मोनिकाताईंचा फोन रोज येतो. मी उचलत नाही.

मी एक गोष्ट खोटी लिहिली आहे. ती आधी सुधारते. दाखला तुझ्या बाबांनी नाही दिला. ते म्हणाले होते, "नवी पोट्टी हाये, तिची नोंद करू. एक साल थांबू." मी थांबले नाही. ते शेतावर गेल्यावर मी पेटी उघडली, दाखला काढला आणि तुला कडेवर घेऊन शाळेत गेले. त्यांना संध्याकाळी कळलं. ते जेवले नाहीत, पण त्यांनी तो परतही आणला नाही.

आता का ते.

जुलै २००५. शेजारच्या बांधीत रोवणी होती. मी चार महिन्यांची पोटुशी, मोठी रेणू तुझ्या आजीजवळ घरी. दोन दिवस तिला हगवण लागली होती. मी सकाळी मीठ-साखरेचं पाणी करून ठेवलं आणि आजीला म्हटलं, संध्याकाळी साकोलीला नेऊ. दुपारी एक पोरगी बांधावर धावत आली, म्हणाली, काकू, घरी चला. माझ्या हातात रोपांची जुडी होती. माझी ओळ बांधापासून दहा-बारा हात राहिली होती. मी ती पुरी केली. मग हात धुतले आणि गेले.

एवढंच. त्यात काही मोठं नाही. डॉक्टर पुढे म्हणाले की त्या दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. पण माझं तिथून पुढचं सगळं बधीर झालं ते तसंच आहे. दात उपटताना सुई देतात, तसं काहीतरी झालं आणि उतरलंच नाही. लोकांना वाटलं बाई खंबीर आहे. त्याच खंबीरपणावर पुढे अंगणवाडीत घेतलं मला.

तिला बाबांनी आपल्या शेताच्या धुऱ्यावर पुरलं. पुरायच्या आधी आजीनं तव्याची काजळी घेतली आणि तिच्या डाव्या तळपायाला बोट लावलं. म्हणाली, परत येईल तेव्हा ओळखू येईल. डिसेंबरात तू झालीस आणि तुझ्या डाव्या तळपायावर काळा डाग होता. आजीनं तो सगळ्या आळीला दाखवला. पाचव्या दिवशी कोणीतरी नाव काय ठेवणार विचारलं तर ती म्हणाली, "आपलीच पोरगी परत आली, तिचं अजून बारसं कायले कराचं? रेणूच हाये ते."

मी आता अंगणवाडीत आहे. तसे डाग मी वीसेक लेकरांच्या अंगावर पाहिले आहेत. तेव्हाही माझा पुरता विश्वास बसला नव्हता. पण मला ते सोयीचं होतं. ती गेलीच नव्हती तर माझी ती ओळ पुरी करणंही झालं नव्हतं. मी तुला दूध पाजलं ते ती समजून पाजलं. शाळेत मास्तर रोज सकाळी तिचं नाव घेतील आणि कोणीतरी हजर म्हणेल, एवढ्यासाठी मी दाखला नेला. वयाचा, लग्नाचा, पुढच्या कशाचाही विचार त्यात नव्हता. तुझा तर नव्हताच.

लहानपणी तू आजारी पडायचीस तेव्हा मी रात्रंदिवस बसून राहायचे आणि तुला वाटायचं आई माझ्यावर किती जीव टाकते. मी कोणावर जीव टाकत होते ते मला सांगता येणार नाही. हे तुला लागेल. लागू दे. तू तारखेनिशी मागितलं होतंस.

मृत्यूची नोंद केली तर ती जुलै २००५ मध्ये गेली असं माझ्या सहीनं लिहिलं जाईल. म्हणून होत नव्हतं माझ्याच्यानं. लाज, नोकरी, केस, यातलं काहीही कारण नव्हतं. तुझ्या बाबांना मात्र तसंच वाटतं आहे.

उद्या सोमवार आहे. साकोलीचं कार्यालय दहाला उघडतं.

आई


एकोडी,
१ डिसेंबर २०२५

गुड्डी,

काम झालं. दोन्ही दाखल्यांचे फोटो मामाच्या मोबाइलवरून मोनिकाताईंना गेले आहेत. त्या म्हणाल्या, गुरुवारी अर्ज दाखल करतील. आठवडा हातात आहे. साक्षीला मला बोलावलं तर मी येते. कोर्टात जे विचारतील ते या पत्रांत आहे तसंच सांगेन, शोभाताईंच्या यादीसकट. शोभाताईंना मी स्वतः जाऊन सांगून आले. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "मले वर कळवा लागते, सत्यभामा." मी म्हटलं, कळवा. केंद्राची किल्ली मी देऊन आले आहे.

साकोलीला मी एकटी जाणार होते. सत्तावीस तारखेला सकाळी बाहेर आले तर बाबा धुतलेला सदरा घालून मोटारसायकल पुसत होते. धान कापायला आला होता आणि मजूर बांधावर येऊन बसले होते. मी म्हटलं, तुम्ही काहून? ते म्हणाले, "माहीबी पोरगी होती ना ते." वीस वर्षांत तिच्याबद्दल ते हे पहिलं वाक्य बोलले. मग महिनाभर आम्ही पाच खेपा केल्या. रुखमिणीबाईंनी प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला आणि साहेबांना सांगितलं, की दोन्ही वेळा नाळ मीच कापली, दोन पोरींतला फरक मला नाही कळणार तर कोणाला. शुक्रवारी आदेश मिळाला.

आज ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक नवा पोरगा आहे, पवनीकडचा, शांत. आधी मृत्यूचा अर्ज भरला. नाव, वय दीड वर्ष, ठिकाण राहतं घर. उशिराचं कारण काय लिहू, असं त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, अडाणीपना लिहा. मी म्हटलं, नाही, आईनं कळवलं नाही असं लिहा. त्यानं तसं लिहिलं आणि मी सही केली. मला वाटलं होतं आता काहीतरी फुटेल, मी खाली बसेन. बाहेर कोणाची तरी गाय ओरडत होती ती ऐकत उभी राहिले. हात मात्र गार पडले होते. बाबांनी माझ्या हातातला पेन काढून घेतला तेव्हा मला ते कळलं.

मग तुझ्या जन्माचा. ९ डिसेंबर २००५, स्त्री, एकोडी. नावाच्या रकान्यात मोनिकाताईंनी रेणूच लिहायला सांगितलं आहे, नाहीतर तुझे शाळा-कॉलेजचे सगळे कागद अडतील. तेवढं लिहिलं. ते तुझं म्हणून लिहिलं, तिचं म्हणून नाही. पुढे तुला बदलायचं असेल तर तेही होतं म्हणतात. काय ठेवायचं ते तू ठरव, मी आधी विचारायला हवं होतं.

त्या अर्जात खाली एक रकाना असतो. या मातेला आतापर्यंत झालेली जिवंत जन्माची मुलं किती, हे बाळ धरून. गावातल्या शंभरेक बायांचा तो रकाना मी स्वतः विचारून भरून दिला आहे. माझा मला कोणी विचारला की मी एक सांगायचे. रेशनच्या वेळी एक, जनगणनेला एक, नोकरीच्या अर्जात एक, दवाखान्यात एक. इतक्या वेळा, की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. ग्रामसेवकानं सवयीनं माझ्या जुन्या कागदावर बघून विचारलं, "एकच ना, काकू?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यानं पेन तसाच धरून ठेवला होता.

"दोन," मी म्हटलं. "दोन पोरी झाल्या मले."

आई